वेगवान गाडीची बॅटरी बदलताना



नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. हौसेनं घेतलेली दोन-अडीचशे अश्वशक्तीची गाडी जूनमध्ये कव्हर घालून सोसायटीच्या तळघरात उभी केलेली असते. दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढायची म्हणून सेल्फ मारावा, तर नुसतं टक् टक् वाजतं. या गाड्यांना बहुधा ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, त्यामुळे धक्का मारूनही त्या सुरू होत नाहीत. मग घाईघाईनं दुकानात फोन जातो आणि जी बॅटरी हाताशी असेल ती बसते. ही घाई पुढे फार महाग पडते. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बॅटरी भारी घेतली म्हणून गाडी पळत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की वीज अल्टरनेटर पुरवतो. बॅटरीचं काम सेल्फ फिरवण्याचं, अल्टरनेटर कमी पडेल तिथे हात देण्याचं आणि गाडी बंद असताना तिचे संगणक जागे ठेवण्याचं. हे तिसरं काम आपण विसरतो. कुलूप लावून उभी असलेली आधुनिक गाडीसुद्धा ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेत राहते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर आणि महिन्याला ३६. सत्तर अँपिअर-अवरच्या बॅटरीतला निम्मा साठा महिनाभरात नुसत्या उभ्या गाडीनं संपतो. अर्ध्या रिकाम्या अवस्थेत शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात. ते धरले की नंतर कितीही चार्ज केली तरी बॅटरीची पूर्वीची ताकद परत येत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या साध्या गाडीपेक्षा रविवारी तासभर फिरणाऱ्या महागड्या गाडीची बॅटरी लवकर जाते, त्याचं कारण हे आहे.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी झिजवणाऱ्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. टर्बो इंजिनाच्या बोनेटखाली, मे महिन्यात, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीत काय होत असेल याचा विचार करा.

आता निवडीकडे येऊ. दुकानात जाण्याआधी जुन्या बॅटरीवरचं लेबल नीट वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मात्र ती बॅटरी कंपनीनं बसवलेली मूळची आहे ना, हे पाहा. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकानं काय बसवलं याचा भरवसा नाही. अशा वेळी गाडीसोबतचं मॅन्युअल हाच आधार.

लेबलवर पहिलं पाहायचं ते एजीएम किंवा ईएफबी असं काही लिहिलंय का. एजीएम बॅटरीत प्लेटांच्या मध्ये काचतंतूंची दाट चटई असते. टीपकागदानं शाई धरून ठेवावी तसं ती ॲसिड धरून ठेवते. त्यामुळे ॲसिड हिंदकळत नाही, हादरे सोसले जातात आणि ही बॅटरी पुन्हा पुन्हा खोलवर उतरली तरी साध्या बॅटरीपेक्षा जास्त तग धरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या, किंवा ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरणाऱ्या गाड्यांना एजीएम किंवा ईएफबी लागतेच. ईएफबी ही साध्या बॅटरीची सुधारलेली, मधली पायरी.

माझं ठाम मत असं आहे, की मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्या. किंमत बरीच जास्त असते, मान्य आहे. पण तिथे साधी बॅटरी बसवली तर ती बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत नांगी टाकते. आणि जाण्यापूर्वी ती मालकाला चांगलीच हैराण करते. व्होल्टेज खाली गेलं की कधी स्टिअरिंगचा दिवा लागतो, कधी गिअरबॉक्सची सूचना येते, आणि मालक भलत्याच दुरुस्तीवर पैसे घालत बसतो.

मग आकार. युरोपीय बॅटऱ्यांची मापं ठरलेली आहेत. साठ अँपिअर-अवरच्या आसपासची एलएन-२ म्हणजे २४२ मिलिमीटर लांब, सत्तरची एलएन-३ म्हणजे २७८, आणि पंच्याण्णवच्या आसपासची एलएन-५ म्हणजे ३५३ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानदार याच मापांना ‘डिन’ लावून बोलतात. लांबी जुळली की काम झालं असं नाही. उंची पाहा, प्लस टर्मिनल डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा, आणि तळाशी बॅटरी आवळून धरणारा क्लॅम्प जिथे बसतो ती कड पाहा. वीस किलोची सैल बॅटरी जोरात घेतलेल्या वळणावर हलली तर केबल ताणते, टर्मिनल मोडते. खाली लाकडाची फळी सरकवून बॅटरी बसवलेली मी पाहिलेली आहे. वेगानं चालवायच्या गाडीत हा शुद्ध धोका आहे.

मग जागा. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांमध्ये बॅटरी डिकीत असते. पोर्शे ९११चं इंजिन मागे, म्हणून वर्षानुवर्षं बॅटरी पुढच्या सामानाच्या कप्प्यात ठेवली गेली. यानं वजनाचा तोल साधतो आणि बॅटरी इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहते. पण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटू शकतो, आणि तो बंद डिकीत साठता कामा नये. त्यासाठी बॅटरीच्या बाजूला एक बारीक नळी असते. ती गाडीच्या बाहेर उघडते. नव्या बॅटरीला ती जोडायचं भोक त्याच बाजूला आहे का, हे खरेदीआधी बघा. दोन बाजूंना भोकं असतील तर वापरात नसलेलं भोक बुचानं बंद करावं लागतं. बॅटरी बसवून झाली की वाकून, ती नळी जागेवर बसली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. फार वेळा ती नुसती लोंबकळत असते.

बॅटरी बोनेटखाली असेल तर तिच्याभोवती उष्णता अडवणारं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण असतं. बदलताना ते काढतात आणि पुष्कळदा परत घालत नाहीत. ते मागून घ्या आणि घालायला लावा.

सीसीए हा आकडा जाहिरातीत फार मिरवला जातो. उणे अठरा अंश सेल्सिअसला बॅटरी काही सेकंद किती करंट देऊ शकते, ते त्यातून कळतं. पुण्या-मुंबईत आपल्याला तशी थंडी कुठली? मूळच्या बॅटरीइतका किंवा त्याहून थोडा जास्त सीसीए असला की पुरे. शंभर अँपिअर जास्त मिळावेत म्हणून पैसे मोजण्यापेक्षा ताजी बॅटरी मिळवण्यासाठी दुकान बदला.

लिथियम बॅटरीबद्दल तरुण मंडळी हमखास विचारतात. पोर्शेनं २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियमची बॅटरी जादा पैशांत द्यायला सुरुवात केली. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून हलकी. पण सोबत नेहमीची बॅटरीही दिली जायची, कारण कडाक्याच्या थंडीत लिथियम मागे पडते. कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर सेकंदाच्या अंशांसाठी झगडणाऱ्याला दहा किलोचं मोल आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीत, जिची चार्जिंगची व्यवस्था शिशासाठी बनवलेली आहे, तिच्यात बाजारातली कुठलीही लिथियम बॅटरी बसवू नये असं मी सांगेन.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी करा. बॅटरीवरचा तारखेचा शिक्का दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुना माल नको. महागड्या एजीएम बॅटऱ्यांचा खप कमी, त्यामुळे त्या फळीवर पडून राहतात. मग मल्टिमीटर लावायला सांगा. भरलेली एजीएम बॅटरी साधारण १२.८ व्होल्ट दाखवते. मीटरवर १२.५ च्या खाली आकडा आला तर ती बॅटरी घेऊ नका, कितीही सवलत मिळाली तरी.

बसवताना मायनस टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी जोडायचं. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या पुष्कळ गाड्यांत नवी बॅटरी आल्याचं स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाला कळवावं लागतं. ते केलं नाही तर जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानं चार्जिंग चालू राहतं आणि नव्या बॅटरीचं आयुष्य घटतं. प्रकार किंवा क्षमता बदलली असेल तर तेही संगणकात बदलावं लागतं. बॅटरी सांगण्याआधीच दुकानदाराला विचारा, हे काम तुमच्याकडे होतं का? होत नसेल तर आधी ते करून देणारा गाठा आणि मगच बॅटरी सांगा.

गाडी दोन-तीन आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल तर पार्किंगमध्ये प्लग असल्यास बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा स्वयंचलित चार्जर घ्या. तो एजीएमला चालतो ना, तेवढं पाहा. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर असेल तर चार्जरचा काळा चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीवरच्या ठरलेल्या बोल्टला लावा, म्हणजे बॅटरीत किती भर पडली ते गाडीला कळतं. प्लग नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी धड भरत नाही.

जुनी बॅटरी मात्र घरी आणू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. तिच्यात शिसं आणि ॲसिड आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार ती परत घेतो आणि बिलातून तिची किंमत वजा करतो. एजीएम वजनदार असते, त्यामुळे तिचे पैसेही बरे येतात. बिलावर ही वजावट आणि नव्या बॅटरीचा क्रमांक दोन्ही लिहून घ्या. वॉरंटी मागायची वेळ आली तर दुकानदार पहिल्यांदा तो क्रमांकच विचारतो.