ढोल कोण वाजवणार?

जुन्या कचेरीच्या व्हरांड्यात टांगलेली लाल बादली आठवते का? तिचा तळ गोल असतो, जमिनीवर ठेवली की ती कलंडते. फरशी पुसायला तिला कुणी उचलून नेऊ नये, आगीच्या वेळी ती जागच्या जागी सापडावी, म्हणून ही योजना. आज त्या बादलीतल्या वाळूवर पानाच्या पिचकाऱ्या आणि विड्यांची थोटकं दिसतात. शेजारच्या अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच खाली उतरलेला असतो.

या वस्तूंचं एक मांडणशिल्प व्हावं, असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवात अशी शिल्पं भर रस्त्यात उभी राहतात. हे मात्र गुजरातमधल्या बारडोलीत व्हावं.

बारडोलीच का? 1928च्या शेतसाऱ्याविरुद्धच्या सत्याग्रहात जप्तीचे अधिकारी येताना दिसले, की पहाऱ्यावरचे स्वयंसेवक ढोल वाजवत, शंख फुंकत आणि घरांना भराभर कुलपं लागत. इशारा देणारा जागा होता, ऐकणाराही तयार होता. त्याच बारडोलीपासून तीसेक किलोमीटरवर, सुरतेत, 24 मे 2019 रोजी तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेली मुलं अडकली. जीव वाचवायला काहींनी खाली उड्या टाकल्या. 22 जणांचा जीव गेला.

माझ्या डोळ्यांपुढे एक दालन आहे. छताला गोल तळाच्या बादल्या, भिंतीशी काटा उतरलेली नळकांडी, समोर 'आपत्कालीन मार्ग' लिहिलेलं बंद दार आणि मधोमध एक ढोल. पाहणाऱ्यानं तो वाजवला की दार उघडावं. दारापलीकडे भरलेलं नळकांडं हातात मिळावं. खीळ ओढायची, नळीचं तोंड ज्वाळांच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. एवढं प्रत्येकानं स्वतः करून पाहावं, मगच बाहेर पडावं.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शिल्प होईल तेव्हा होवो. उद्या सकाळी जिना उतरताना आपल्या इमारतीतल्या नळकांड्यापाशी क्षणभर थांबा, काटा पाहा. तो खाली उतरलेला असेल, तर शेजाऱ्यांची दारं वाजवा. बारडोलीचा ढोल आपल्या जिन्यात एवढ्यानंही वाजेल.