रंगाची साक्ष



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे : युद्धकाळातील काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत रंग भरण्याची विद्या. शाळेत आम्ही फारसे शिकलो नाही. जे शिकलो ते हाताने काम करून. हेही तसेच शिकलो.

पूर्वी फोटो-स्टुडिओत कापसाच्या बोळ्याने पातळ रंग फोटोवर चढवीत. आता तेच काम संगणकावर होते. मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची प्रत घ्यायची आणि एकेका वस्तूचा रंग निराळ्या थरात असा चढवायचा की खालची छाया बुजू नये. सरावाने हात बसतो. खरी अडचण पुढेच आहे. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखता येत नाही. जुन्या एका जातीच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे काळपट उमटे आणि निळे पांढुरके. नंतरच्या फिल्मला सर्व रंग दिसू लागले, तरी हिरवे लुगडे व तांबडे लुगडे कागदावर सारखेच करडे दिसू शकते. मग रंग आणायचा कोठून? पुराव्यातून.

मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीकाठी पराक्रम केला आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाची फीत किरमिजी, हे नक्की. गणवेशाचे तसे नाही. आफ्रिकेच्या वाळवंटात सुती खाकी, इटलीच्या थंडीत लोकरी कापड, तर ब्रह्मदेशाच्या जंगलात पुढेपुढे हिरवे कपडे. म्हणजे शिपायाला रंग देण्यापूर्वी तो कोठे व कोणत्या महिन्यात उभा होता, हे शोधले पाहिजे.

कारखान्यांचेही तेच. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. नुकत्याच कातलेल्या पितळेची झळाळी आणि पडून राहिलेल्या पितळेचा मळकटपणा यांतला फरक लेथवरच्या कामगाराला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आणखी एक गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्फोटक दारू भरणाऱ्या बायांची कातडी त्या विषाने पिवळी पडे. लोक त्यांना कॅनरी पक्ष्याचे नाव देत. काळ्यापांढऱ्या फोटोत तो पिवळेपणा दिसत नाही. त्यांच्या गालांवर कोणी गुलाबी रंग चढविला, तर फोटो सुंदर होईल आणि मालकाचा गुन्हा पुसला जाईल!

आज संगणक एका क्षणात आपोआप रंग भरून देतो. त्याने असंख्य चित्रे पाहिलेली असतात. त्यांवरून तो संभाव्य रंग देतो, खरा नव्हे. खात्री नसली की सगळे भुरकट करून टाकतो. पण यंत्रालाच दोष का द्यावा? माणसेही तेच करतात. आपल्या गावच्या राजगुरूंबरोबर २३ मार्च १९३१ रोजी फासावर गेलेले भगतसिंग १९२९ च्या प्रसिद्ध छायाचित्रात टोपी घातलेले आहेत. बाजारातल्या तसबिरींत मात्र पिवळा फेटा! तो फेटा चित्रकाराच्या कुंचल्यातून आला.

म्हणून आम्ही तीन नियम पाळतो. मूळ फोटो जसाच्या तसा जपावा. 'रंग मागाहून भरले आहेत' असे प्रतीवर लिहावे. कोणता रंग पुराव्याचा आणि कोणता अंदाजाचा, हे मागे नोंदवावे. चौकशीत खोटी साक्ष एका कामगाराची भाकरी घेते. रंगाची खोटी साक्ष पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली जाते.

आपल्या कोणाच्या पेटीत लष्करी वेषातल्या आजोबांचा किंवा कारखान्याच्या दारातला फोटो असेल, तर तो रंगवायची घाई करू नका. १९४४ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून बसली आहे. आधी तिच्याजवळ बसा. सदऱ्याचा, पदराचा, दाराचा रंग कोणता होता, ते विचारा आणि लिहून घ्या. रंग भरायला पुढे कोणीही मिळेल. सांगणारे माणूस मिळणार नाही.