अंड्याच्या बलकापर्यंत पोचलेले प्लास्टिक

नवीन जालन्याला पाणी पुरवणारा घाणेवाडी तलाव, जुन्या आणि नव्या जालन्याच्या मधून वाहणारी कुंडलिका, ती जिला मिळते ती दुधना आणि पुढे पूर्णेमार्गे गोदावरी, ही सारी जलव्यवस्था समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे सूक्ष्म प्लास्टिक आणि सनस्क्रीनमधील रसायने हा किनारपट्टीचा, फार तर गोव्याचा प्रश्न आहे, अशी समजूत मराठवाड्यात सहज रूढ झाली आहे. ती दुरुस्त करणे हे या विषयावर जमलेल्या परिषदेपुढील पहिले काम होय.

कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांच्या बळावर दुष्काळात द्राक्षबागा जगवल्या, ही जालना जिल्ह्याची अभिमानास्पद कमाई आहे आणि तिला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्या तळ्यांतील अस्तराचा कागद, शेडनेट, ठिबकच्या नळ्या आणि जेमतेम २५-३० मायक्रॉन जाडीचा मल्चिंग पेपर हे सारे प्लास्टिक वर्षानुवर्षे कडक उन्हात असते. उन्हाने ते तडकू नये म्हणून त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत आहे, आणि त्यांतील बेंझोफिनोन वर्गाची द्रव्ये व सनस्क्रीनमधील ऑक्सिबेंझोन ही एकाच रासायनिक कुळातील आहेत. म्हणजे ज्याने सनस्क्रीनची बाटली कधी उघडलेली नाही, त्याच्याही शिवारात त्या कुळातील रसायन पोचू शकते. प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे यूव्ही-३२८ हे असेच एक किरणशोषक द्रव्य टिकाऊपणामुळे आणि सजीवांत साचण्याच्या गुणामुळे २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत, काही सवलती ठेवून का होईना, समाविष्ट करावे लागले.

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात आणि त्यांचे विघटन होत होत कण एक मायक्रॉनच्याही खाली गेला की त्याला नॅनोप्लास्टिक ही संज्ञा लावली जाते. तेवढ्याच वजनाचे प्लास्टिक एक मिलिमीटरच्या कणांऐवजी शंभर नॅनोमीटरच्या कणांत विभागले, तर त्याचा पृष्ठभाग दहा हजारपट होतो, आणि ऑक्टोक्रिलीनसारखी, पाण्यात न विरघळता मेदात शिरणारी सनस्क्रीनची द्रव्ये याच पृष्ठभागाला चिकटतात. मात्र असा कण माशाने गिळल्यावर त्याच्या शरीरात रसायन वाढवतो की उलट पाण्यातील रसायन स्वतःकडे ओढून घेतो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कण, रसायन आणि आतड्यातील पित्तरस यांच्या प्रमाणानुसार उत्तर बदलते, आणि म्हणून एका प्रयोगावरून सरसकट विधान करणे शास्त्राला धरून होणार नाही.

संततीविषयीचा पुरावा मात्र अधिक ठोस आहे. मूळच्या याच उपखंडातील झेब्राफिश या बोटभर माशावर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ माशांना अन्नातून पॉलिस्टायरीनचे नॅनोकण दिले असता ते कण आईकडून पिलांत उतरले आणि पिलांच्या बलककोशात, आतड्यात व यकृतात दिसले. हा मार्ग समजण्यासारखा आहे. मादीच्या यकृतात व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार होऊन रक्तावाटे अंडाशयात जाते, त्याच्यापासून बलक बनतो, आणि मेदप्रिय रसायने त्याच प्रवाहातून अंड्यात पोचतात. पिलाला तोंड उघडून स्वतः खाता येण्यापूर्वी हा बलक हाच त्याचा सारा आहार असतो, आणि अवयव घडण्याच्या अत्यंत नाजूक दिवसांत आईचे ओझे त्याच्या देहात उतरते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील डॉल्फिनमध्येही सनस्क्रीनची द्रव्ये मातेकडून गर्भात गेल्याची नोंद २०१५ मध्ये झाली आहे.

बियाण्यासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये: मातृवाणातील दोष बियाण्यात उतरतो, तसेच मत्स्यबीजाचेही आहे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यापासून रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज निवडक प्रजनक माशांपासून तयार होते, आणि मत्स्यजिऱ्यांचा, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांचा, पहिला सुमारे तीन दिवसांचा काळ बलकावरच निभतो. एका मादीच्या मेदात साचलेले द्रव्य लाखो जिऱ्यांत विभागले जाते आणि बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिलांच्या, रूपाने दूरदूरच्या तळ्यांत जाते. प्रयोगशाळेतील मात्रा बहुधा तळ्यातील मात्रेहून अधिक असते, हे मान्य करूनही प्रजनक माशांची तपासणी पुढे ढकलण्यास ते कारण पुरेसे नाही.

म्हणून या परिषदेने आग्रह धरावा तो असा, की बीजकेंद्रांतील प्रजनक माद्यांची अंडी आणि अस्तर घातलेल्या शेततळ्यांतील मासे यांचे नमुने विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र व मत्स्यशास्त्र विभागांनी दरवर्षी तपासावेत, फाटलेला अस्तराचा कागद आणि मल्चिंग पेपर बांधावर जाळण्याऐवजी परत घेण्याची जबाबदारी तो विकणाऱ्यांवर टाकावी, आणि नमुने गोळा करणाऱ्यांनी ते काचेच्या बाटलीत, धातूच्या झाकणाखाली आणावेत. कारण प्लास्टिकच्या डब्यात आलेल्या नमुन्यातील कण माशाचा की डब्याचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.