भूक मोजून शिकवा



आज १६ ऑक्टोबर, जागतिक अन्न दिन. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९४५ साली याच दिवशी स्थापन झाली. आज शाळाशाळांत तक्ते लागतील, भाषणं होतील. आणि रात्री पानात दोडक्याची भाजी उरली की घरोघरी ठरलेलं वाक्य ऐकू येईल, ‘खा मुकाट्यानं, जगात पोरं उपाशी मरतायत!’

या वाक्यानं भाजी संपते, पण मूल शिकत काहीच नाही. आपण दोडका खाल्ला म्हणून सुदानमधल्या पोराच्या पोटात काही पडत नाही, एवढं त्याला चांगलं कळतं. भूक धाक घालून शिकवू नये, मोजून शिकवावी.

कागदाची एक पट्टी कापा. साडेअकरा सेंटिमीटरवर खूण करून तिचं कडं करा. त्यातून टेबल टेनिसचा चेंडू घालायला मुलाला सांगा. जाणार नाही. स्वतःच्या हातात चढवू पाहील, तर ते बोटांच्या पेरांवरच अडेल. मग सांगा, की अंगणवाडीताई सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाला अशीच रंगीत पट्टी लावतात. घेर साडेअकराच्या आत आला, तर पट्टी लाल रंग दाखवते. म्हणजे बाळ तीव्र कुपोषित, त्याला ताबडतोब उपचार हवेत. साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. मेळघाटातल्या बाळाला आणि दक्षिण सुदानमधल्या बाळाला माप एकच.

दुसरं मोजमाप ताटातलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या पोषण आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते. मुलांना हे घरच्या काट्यावर तोलू द्या. तांदळातून सातेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, उरलेली डाळीनं भरून काढायची. डाळ पातळ झाली, की पोट भरतं, पण हिशेब तुटतो. शिवाय तांदळात जे कमी ते डाळीत असतं आणि डाळीत कमी ते तांदळात, म्हणून वरण-भाताची जोडी. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं वाया जातं. दहा वर्षांच्या मुलाला हे सहज समजतं.

आता मोठा प्रश्न. धान्य असूनही माणसं उपाशी का राहतात? १९४३ सालच्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं गेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं, की नुसती धान्याची टंचाई हे त्याचं उत्तर नव्हे. तांदळाचे भाव भडकले आणि शेतमजुरांची, कोळ्यांची कमाई मागे पडली. बाजारात तांदूळ होता, त्यांच्या गाठीला पैसा नव्हता.

त्याच्यासमोर आपल्या महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ ठेवा. पिकं करपली, विहिरी आटल्या. पण सरकारनं कामं काढली. १९७३च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. हाती मजुरी आली, म्हणून धान्य घेता आलं आणि मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले. हाल कमी झाले नाहीत. घरात सत्तरीच्या आसपासचं कुणी असेल, तर दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडी नावाच्या खाऊबद्दल आणि लाल मिलो ज्वारीबद्दल मुलांना विचारू द्या. याच अनुभवानंतर, १९७७ साली, महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला.

तेव्हा कुठल्याही दुष्काळाची बातमी आली, की मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवा: तिथे धान्य किती आहे, आणि ते विकत घेण्याची ऐपत कुणाची गेली? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विचारायची सवय लागलेली मुलं उद्या मतदार होतील, सरपंच होतील, एखादं तहसीलदारही होईल. तेव्हा त्या प्रश्नाचा उपयोग होईल.