अ‍ॅब्लेशन : आधी, त्या दिवशी आणि नंतर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी अ‍ॅब्लेशन झाल्याचं मी आपल्या ग्रुपवर एका ओळीत कळवलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांचे फोन आले. एकाला स्वतःलाच हा त्रास आहे, एकीच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी हेच सुचवलंय. प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘नेमकं काय करतात आणि नंतर काय होतं?’ म्हणून संयोजकांनी दिलेली दहा मिनिटं मी त्यालाच देते. मी डॉक्टर नाही. संगणकासमोर बसून पोट भरणारी बाई आहे. पण यातून गेले आहे आणि बरंच विचारून घेतलं आहे.

बाईंनी फळ्यावर काढलेलं चार कप्प्यांचं हृदय आठवा. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. उजव्या कर्णिकेतून विजेचा एक इशारा निघतो आणि वरून खाली जातो. बसलेल्या माणसात हे मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा होतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिकांत एका इशाऱ्याऐवजी शेकडो इशाऱ्यांचा गोंधळ माजतो. कर्णिका आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काहीच इशारे पोचतात, तेही कसेही. म्हणून नाडी नुसती जलद नसते, तिला ताल उरत नाही.

मला छातीत पाखरू अडकल्यासारखं वाटायचं आणि एक जिना चढला की धाप लागायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असायचं, त्यामुळे पहिले दोन ईसीजी स्वच्छ आले. तिसरा त्रास चालू असतानाच निघाला, तेव्हा निदान झालं. काहींना तर काहीच जाणवत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका इतरांच्या मानाने सुमारे पाचपट असतो. म्हणून बऱ्याच रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात.

आता अ‍ॅब्लेशन. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की येऊन-जाऊन होणाऱ्या फिब्रिलेशनची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्या तोंडांभोवती व्रणाचं कडं केलं, की ठिणगी आतच अडकते. हे कडं उष्णतेने करतात, गोठवून करतात, आणि अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनीही करतात. माझं उष्णतेने केलं.

त्याआधी संमतीपत्र येतं. पक्षाघात, हृदयाभोवती रक्त साचणं, क्वचित मृत्यू, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते वाचून माझे हात गार पडले होते. असे गंभीर प्रकार शंभरात थोड्या जणांनाच होतात, पण आकडा लहान असला तरी सही आपल्याला करायची असते. मी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले : ‘वर्षाला तुम्ही अशा किती करता?’ आणि ‘हृदयाभोवती रक्त साचलं तर इथे त्या क्षणी काय कराल?’ दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली, मग सही केली. तुम्हीही विचारा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात कॅथेटरचे पैसे धरलेत का ते पाहा आणि विम्याची मंजुरी आधी मिळवा.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टर सांगतील तसंच. आपल्या मनाने एकही गोळी चुकवायची नाही. त्या दिवशी उपाशी पोटी जायचं. कर्णिकेत गुठळी नाही ना, हे बघायला घशातून नळी घालून इको करतात, मला तो भूल दिल्यावर केला. कॅथ लॅब थंडगार असते. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छोटं छिद्र पाडून डावीकडे जातात, आतला नकाशा पडद्यावर उभा करतात आणि मग कडं करतात. छाती उघडत नाहीत. माझ्या बाबतीत सगळं मिळून तीन तास लागले. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

आठवतं ते नंतरचं. पाय सरळ ठेवून काही तास उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही. हृदयापेक्षा माझी पाठच जास्त दुखली. बेडपॅन घ्यावा लागतो, लाजून चालत नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जांघेपासून मांडीपर्यंत काळंनिळं झालं होतं, ते हळूहळू पिवळं पडून गेलं. आठवडाभर जड उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नाही.

आणि आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. खरी परीक्षा घरी आल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत असते. खोल श्वास घेतला की काही दिवस छातीत दुखतं. थकवा येतो. बसल्या जागी नाडी पूर्वीपेक्षा थोडी जलद राहते. आणि जुना त्रास परत येऊ शकतो. मला अकराव्या रात्री पुन्हा तीच फडफड सुरू झाली. सगळं वाया गेलं असं वाटून मी पहाटेपर्यंत जागी होते. सकाळी डॉक्टर म्हणाले, ‘आतली जखम ताजी आहे, सूज आहे. एवढ्यात निकाल लावायचा नाही.’ त्यांचं खरं होतं. दोन महिन्यांनंतर ती फडफड थांबली. हे आधी माहीत असतं, तर ती रात्र मी झोपून काढली असती. तुम्ही किंवा तुमचं माणूस यातून जाणार असेल, तर एवढं लक्षात ठेवून जा.

मात्र काही लक्षणांना थांबायचं नाही. जांघेतून रक्त आलं किंवा सूज वाढू लागली, तर दाबून धरा आणि लगेच रुग्णालय गाठा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर एक मिनिटही दवडू नका. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा छातीत नव्याने दुखणं सुरू झालं, तर अ‍ॅब्लेशन जिथे झाली तिथेच आधी फोन करा. कर्णिकेच्या मागेच अन्ननलिका असते. तिला इजा होणं फार दुर्मीळ, पण जिवावरचं असतं. अशा वेळी दुसरीकडे कुणी दुर्बिणीने तपासायचं म्हणालं, तर अ‍ॅब्लेशन झाल्याचं आधी सांगा.

यानंतर कायमचे मोकळे का? तसं नाही. काहींना दुसऱ्यांदा करावी लागते. अ‍ॅब्लेशन यशस्वी झाली तरी रक्ताची गोळी बंद होईलच असं नाही, ते वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतं. रक्तदाब, वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकवणारं घोरणं आणि दारू, या चौघांकडे पाहिलं नाही तर हा आजार परत दार ठोठावतो. वजन बऱ्यापैकी उतरवलेल्यांत आणि दारू सोडलेल्यांत हा त्रास कमी होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलंय. वर्गातल्या काही मुलांकडे मी मुद्दाम बघतेय, त्यांनी समजून घ्यावं.

शेवटी एक विनंती, विशेषतः सरांना आणि बाईंना. पासष्टीनंतर हा आजार बराच आढळतो आणि गुपचूप येतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा आणि अर्धा मिनिट नाडी मोजा. ठोके अनियमित वाटले, तर काही त्रास नसला तरी ईसीजी काढून घ्या. साधी तपासणी आहे, पण तिच्यामुळे एखादा पक्षाघात टळू शकतो.

कुणाला काही विचारायचं असेल तर जेवणाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलाशी असेन. रिपोर्ट फोनमध्ये असतील तर घेऊन या. अर्थ डॉक्टरच सांगतील, पण त्यांना काय विचारायचं ते आपण मिळून लिहून काढू.