जुन्या कागदांची साक्ष
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज आम्ही आपणांपुढे एका दूरच्या प्रांताची हकीकत मांडणार आहोत. परंतु तिचा रोख आपल्याच घराकडे आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात उत्तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी ‘पोर्टल टू टेक्सास हिस्टरी’ हा संग्रह उभारला आहे. तो इमारतीत नसून संगणकावर आहे. गावोगावची ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये व खाजगी कुटुंबे यांच्याजवळील कागदपत्रांच्या प्रतिमा तेथे कोणासही विनामूल्य पाहता येतात. एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रे आणि पेटंटे, म्हणजे नव्या शोधावरील हक्काच्या सनदा, यांचाही त्यात भरणा आहे.

गेल बॉर्डेन या गृहस्थाचे नाव या दोन्ही क्षेत्रांत येते. त्याने आपला भाऊ व एक सहकारी यांच्यासह १० ऑक्टोबर १८३५ रोजी, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’नंतर पावणेचार वर्षांनी, ‘टेलिग्राफ अँड टेक्सास रजिस्टर’ हे पत्र काढले. पुढच्याच एप्रिलात मेक्सिकोच्या सैन्याने त्यांचे मुद्रणयंत्र ओढ्यात फेकून दिले. पत्र मात्र ऑगस्ट १८३६ मध्ये पुन्हा निघू लागले. याच बॉर्डेनने पुढे निर्वात भांड्यात दूध आटविण्याच्या कृतीचे पेटंट १९ ऑगस्ट १८५६ रोजी मिळविले. हिंदुस्थानातील पेटंटांचा पहिला कायदाही त्याच वर्षीचा. यंत्र पाण्यात गेले, तरी त्याने छापलेले अंक आज वाचता येतात. कारण कोणीतरी ते जपून ठेवले.

याहून बोधप्रद गोष्ट वॉशिंग्टनची आहे. १५ डिसेंबर १८३६ रोजी तेथील पेटंट कचेरीस आग लागून सुमारे १०,००० पेटंटांचे दप्तर भस्मसात झाले. सरकारचे दप्तर जळाले. परंतु शोधकांच्या घरच्या पेट्यांतील सनदा शाबूत होत्या. त्या मागवून नकला करून घेण्यात आल्या आणि सुमारे २,८०० पेटंटांची नोंद पुन्हा उभी राहिली. राजदरबारी जे राखता आले नाही, ते घरच्या ट्रंकेने राखले!

आता आपल्याकडे वळू. गतवर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “आपल्या शिष्यवृत्ती निधीस पहिली देणगी कोणी दिली?” आम्हांस उत्तर देता आले नाही. इतिवृत्ताचे पहिले पुस्तक वाळवीने खाल्ले आहे. ज्या दात्याच्या पैशावर आपली मुले शिकली, त्याचे नाव आपण घालवून बसलो, याची आम्हांस लाज वाटते.

तो कागद आपणांपैकी कोणाच्या तरी माळ्यावर पावतीच्या, पत्राच्या वा जुन्या स्मरणिकेच्या रूपाने असू शकेल. यास्तव आमची विनंती एवढीच, की दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार मंडळाच्या कार्यालयात आणावेत. त्यांच्या प्रतिमा आपल्यासमक्ष घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत करू. मोडी वाचणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्याजोगे आहे.

पूर्वजांनी आपल्यासाठी निधी ठेवला. निदान त्यांची नावे तरी आपण नातवंडांच्या हाती सोपवू या.