चक्की कुठे थांबवायची

उघडा शह म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. पुढच्या रांगेतली पोरंच मला हसतील. थेट मॉस्कोला जाऊ. साल १९२५ची बुद्धिबळ स्पर्धा. विशीतला मेक्सिकन खेळाडू कार्लोस तोरे, आणि समोर सत्तावीस वर्षं जगज्जेता राहिलेला इमॅन्युएल लास्कर.

त्या स्पर्धेने शहराला असं वेड लावलं होतं की पुदोवकिन आणि श्पिकोव्स्की यांनी तिथेच ‘चेस फीवर’ हा मूकपट काढला. नवरदेव बुद्धिबळात इतका बुडालेला की लग्नच मोडायला येतं. नवरी वैतागून बाहेर पडते, तर तिला भेटतो कोण? खुद्द जगज्जेता कापाब्लांका, स्वतःच्याच भूमिकेत! (हशा) आणि शेवटी तीच पटावर बसते. काकू, घरी जाऊन नक्की बघा. (पुन्हा हशा)

असो. लास्करचा वजीर बी५ वर, तोरेचा एच५ वर; मधे फक्त तोरेचा उंट, जी५ वर. पंचविसाव्या खेळीला तोरेने तो उंट एफ६ वर नेला आणि स्वतःचा वजीर उघडा पाडला. लास्करने तो मारला. मग जी३ वरच्या हत्तीने जी७ चं प्यादं मारून शह दिला. राजा एच८ वर. आता हत्ती कुठेही जाऊ दे, मागून उंटाचा शह आहेच; हीच ती चक्की. हत्तीने एफ७ चं प्यादं खाल्लं, शह देत जी७ वर परतला. बी७ चा उंट खाल्ला, पुन्हा जी७. मग जी५ वर सरकला आणि पुढच्या खेळीला वजीर वसूल!

“लास्करची चूक होती म्हणून जमलं,” असं मागून कुणीतरी म्हणालं. बी५ वर वजीर नेणं चुकलंच, मान्य. पण चूक दिसणं वेगळं आणि मिळालेली चक्की नीट चालवणं वेगळं. टाळ्या सगळे वजिराच्या बलिदानाला देतात. माझं म्हणणं, तोरेचा मोठेपणा त्याने न खाल्लेल्या प्याद्यात आहे. ए७ चं प्यादं त्याच हत्तीच्या तोंडासमोर होतं. तेही शहासकट मिळत होतं, आणि तोरेने ते सोडलं! का? ते खाल्लं की ए८ वरच्या काळ्या हत्तीला अख्खी पट्टी मोकळी, आणि पांढऱ्याच्या ए२ च्या प्याद्याला राखणारं कुणी नाही. पुढे लास्करच्या राजाने जी६ वर येऊन हत्ती आणि उंट दोघांवर एकदम चाल केली, उंट मारलाही. पण तोरेने एच६ चं प्यादं घेतलं आणि तीन प्यादी वर राहिला. शांतपणे त्रेचाळिसाव्या खेळीला डाव संपवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. फिशरचा १९५६ चा डाव राहिलाच; वय तेरा, आणि तिथे हीच चक्की घोडा चालवतो. तो तुम्ही घरी मांडाल. मात्र ज्यांना ए७ खायचंच आहे त्यांनी बाहेर थांबा. पट आणलाय, काळी मोहरी मी घेतो.